या घरात अजून बाळ राहत नाही

ग्रहणाच्या दिवशी आमच्या घरी भेळ असते. एरवी नसते, कारण चिंचेच्या पाण्याने घसा बसतो असं माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे नानांचं, ठाम मत आहे. पण ग्रहण लागलं की ते स्वतः कांदा चिरतात, स्वतः भेळ कालवतात आणि बाल्कनीत उभे राहून, समोरच्या इमारतीला नीट दिसेल अशा बेताने, ती खातात. ग्रहणात काही खाऊ नये असं लोक म्हणतात, एवढंच त्या भेळेचं प्रयोजन.

नानांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेने त्यांना निवृत्त केलं, पण ते झाले नाहीत. मांजर आडवं गेलं की ते थांबून त्याला "धन्यवाद" म्हणतात आणि पुढे जातात. नखं कापायला त्यांना शनिवारची संध्याकाळ आणि घराचा उंबरठाच लागतो. स्कूटर घेतली ती मुद्दाम अमावस्या बघून, आणि शोरूमवाल्याने बांधायला लिंबू काढलं तेव्हा ते मागून घेऊन घरी सरबत केलं. "पुरावा?" हा त्यांचा लाडका शब्द. मेथी आजचीच आहे असं भाजीवाली म्हणाली की नाना विचारतात, "पुरावा?" तिने आता नानांना मेथी विकणं सोडून दिलंय.

मी अकोल्याची. आमच्याकडे माणूस चिडला की ओरडतो आणि मोकळा होतो. पुण्यातला माणूस चिडला की 'आपण' म्हणायला लागतो, हे मला लग्नानंतर कळलं. नाना तर मला पहिल्या दिवसापासून 'मॅडम' आणि 'तुम्ही' म्हणतात. सुरुवातीला मी तो आदर समजले होते.

मला दिवस गेले आणि नेमकं ग्रहण आलं. आईने अकोल्याहून फोन केला, "अश्विनी, पडून राय वं माय. काही चिरू-कापू नको." नानांनी माझ्या हातातून फोन घेतला. "विहीणबाई, सुरी धरल्याने बाळाचा ओठ चिरतो याचा पुरावा असेल तर मला व्हॉट्सअ‍ॅप करा." मग माझ्यापुढे एक दुधी भोपळा ठेवला. "चिरा मॅडम. विज्ञान तुमच्या पाठीशी आहे." मी भोपळा चिरला. आई तिकडे फोनवर देवाचं नाव घेत होती.

तर असा हा माणूस. त्याने बाळ यायच्या आधी घरात एक लंगोट येऊ दिला नाही.

धायरीहून खराडीला ऑफिसला जायचं म्हणजे रोज परगावी जाण्यासारखंच आहे. कॅबमध्ये बसल्या बसल्या मी फोनवर बाळाची गादी, दुपटी, मच्छरदाणी असं काय काय बघत असे. पहिली गादी मागवली ती आली तेव्हा मी ऑफिसात होते. नानांनी पार्सलवाल्याला दारातच सांगितलं, "या घरात अजून बाळ राहत नाही. राहायला आलं की कळवू." गादी परत गेली.

संध्याकाळी मी जाब विचारला, तर त्यांनीच मला विचारलं, "बाळाची उंची किती आहे?"

"मला काय माहीत?"

"मग गादी कुणाच्या मापाची मागवलीत?"

दुपट्यांच्या वेळी म्हणाले, नवं कापड कपाटात ठेवलं की त्याला कपाटाचा वास लागतो. झबल्यांच्या वेळी म्हणाले, तोवर फॅशन बदलेल. पाळण्याचं नाव काढलं तर म्हणाले, घरात जागा नाही. त्याच आठवड्यात त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांसाठी नवं कपाट आणलं. समीर, म्हणजे माझा नवरा, या सगळ्यात तटस्थ होता. तो जन्मापासूनच तटस्थ आहे.

एकदा मी विचारलंच. "नाना, बाळ यायच्या आधी काही आणू नये अशी रूढी असते. त्यातलं तर नाही ना हे?"

नाना एकदम 'आपण'वर आले. "आपण माझ्याबद्दल असा विचार करू शकता, याचं आश्चर्य वाटलं. रूढी नाही मॅडम. व्यवहार आहे."

आई मात्र खूश. "पाह्य, आले ना शेवटी लायनीवर तुये सासरे!" ही दोन माणसं आयुष्यात एकदाच एकमताने वागली, आणि तीही माझ्या विरोधात.

सातव्या महिन्यात मी हट्टाने नानांना लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानात घेऊन गेले. म्हटलं, नुसतं बघू तरी. दुकानदाराने गाद्या मांडल्या. नाना बाहेर गेले आणि शेजारच्या किराणा दुकानातून तांदळाची तीन किलोची पिशवी घेऊन आले. ती माझ्या ओढणीत गुंडाळली आणि पहिल्या गादीवर ठेवली.

"नवजात बाळ साधारण एवढंच असतं," ते दुकानदाराला म्हणाले. मग त्यांनी पिशवी पालथी केली आणि वाकून बघितलं. "नाक बुडतंय. नापास."

दुकानदारही पुण्याचाच. "काका, तांदूळ झोपला की सांगा. दुसरी काढतो."

"ही फार मऊ आहे."

"गादी आहे काका. कडक हवी असेल तर समोरच्या दुकानात फरशा मिळतात."

हा माणूस नानांना फार आवडला. पुढचा तासभर दोघे एकमेकांचा असा सन्मान करत होते आणि मी एका स्टुलावर पाय सुजवत बसले होते. नानांनी एकेक गादी कोपराने दाबली, शिवणीवरून बोट फिरवलं, लेबल कुठे टोचेल का ते बघितलं. मोहरीची उशी पुढे आली ती डॉक्टरांचा हवाला देऊन परत पाठवली. शेवटी पातळशी, घट्ट भरलेली कापसाची एक गादी त्यांनी निवडली. तिच्यावर तांदूळ उताणा ठेवला, पालथा ठेवला, कुशीवर ठेवला. "ही पास," ते म्हणाले.

मी पर्स उघडली.

"छान," नाना दुकानदाराला म्हणाले. "बाळ झालं की येतो." आणि तांदूळ काखोटीला मारून पायऱ्या उतरायला लागले.

"या की," दुकानदार मागून म्हणाला. "बाळाला घेऊनच या. दहावी झाली असेल तर पेढेही आणा."

त्या तांदळाचा घरी भात झाला. तासभर त्याच्याकडे बाळ म्हणून बघितल्यामुळे मला तो काही जाईना.

आठवा महिना लागला. डॉक्टर म्हणाल्या, कधीही यावं लागेल, बॅग भरून ठेवा. मी घरी येऊन बॅग भरायला बसले. त्यात माझे दोन गाऊन गेले, टॉवेल गेला, आणि बाळाचं म्हणून ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हतं. बाथरूममध्ये जाऊन मी खूप रडले. आता मुलगी घरभर रांगते आहे म्हणून मी हे हसत सांगते. पण तेव्हा मला खरंच वाटत होतं, की पोर जन्माला आल्यावर मी त्याला गुंडाळू कशात? नानांच्या वर्तमानपत्रात?

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी पहिल्या मजल्यावर रझियाभाभींकडे गेले. सय्यद कुटुंब कैक पिढ्या पुण्यातलं. भाभींचं मराठी माझ्याहून शुद्ध आहे आणि टोमणे नानांच्या तोडीचे. मी विचारलं, "भाभी, लंगोटांसाठी एखादी जुनी मऊ सुती साडी, ओढणी काही आहे का?"

भाभी माझ्याकडे बघतच राहिल्या. "जुनं कापड? आणि तुला? अगं, तुझंच इतकं पडलंय माझ्याकडे, की पाहुणे आले तर त्यांना जिन्यात झोपवावं लागेल."

त्यांनी मला त्यांच्या लग्न झालेल्या मुलीच्या खोलीत नेलं. पलंगावर ती गादी होती, लक्ष्मी रोडची, तांदळाने पास केलेली. शेजारी धुऊन घडी केलेल्या दुपट्यांची थप्पी, लंगोटांची थप्पी, झबली, टोपडी, रबरशीट, छोटी मच्छरदाणी, मालिशचं तेल. खुर्चीवर निळी बॅग होती, दवाखान्यात न्यायची, बाळाचं सगळं भरून तयार.

"दर रविवारी येतात," भाभी म्हणाल्या. "बाल्कनीत गादीला ऊन दाखवतात. कापडं माझ्या मशीनला लावतात, साबण मात्र स्वतःचा आणतात, माझ्या साबणाला वास आहे म्हणे. मी म्हटलं, नाना, आता वर न्या हे. तर म्हणाले, तुमच्याकडे हवा चांगली आहे. एकाच बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक हवा बदलते हे मला माहीत नव्हतं."

बाळाचा बाथटब चेअरमनकडे होता, हेही भाभींनीच सांगितलं. सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात त्यांचा मेसेज आला होता, 'आपल्या वस्तू इतरांच्या घरी ठेवण्याबाबत आपल्याकडे नियम नाही. तो करण्याची वेळ सभासदांनी आणू नये.' तो मेसेज कुणासाठी होता ते मला आत्ता समजलं. अख्ख्या इमारतीला माहीत होतं. फक्त आमच्या घरात माहीत नव्हतं, कारण आमच्या घरात त्यातलं काही यायचंच नव्हतं.

मला हसू येत होतं आणि संतापही येत होता. इतके दिवस मला रडवून हा माणूस खाली दुपट्यांना ऊन दाखवत होता! तेवढ्यात मला कोपऱ्यातला पाळणा दिसला. लाकडी, छान गुळगुळीत. पण तो हलू नये म्हणून सुतळीने खिडकीच्या गजांना बांधून टाकला होता, दोन्ही बाजूंनी, गाठींवर गाठी मारून. मी गाठ सोडायला हात पुढे केला.

"हात लावू नका!"

दारात नाना उभे होते, हातात साबणाची पुडी घेऊन. त्यांना ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. भाभी "चहा टाकते" म्हणाल्या आणि निघून गेल्या.

पुण्यात राहून मीही थोडंफार शिकले आहे. मी म्हटलं, "नाना, रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, नाही का? आपणही मानता हे?"

नानांनी गादी जरा बाजूला सरकवली आणि पलंगाच्या कडेला बसले. मग म्हणाले, "समीरच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. समीरला माहीत नाही."

मी तशीच उभी राहिले.

"माझी आई सांगत होती, आधी काही आणू नको. मी सगळं आणलं. गादी, दुपटी, सगळं. पाळणा सायकलला बांधून आणला, गल्लीतल्या सगळ्यांना दिसेल असा. सुलभा त्याला हात लावायला भ्यायची." सुलभा म्हणजे माझ्या सासूबाई. मी या घरात येण्याआधीच त्या गेल्या. "मी म्हटलं, हलव. काही होत नाही. दोरी मीच तिच्या हातात दिली. मग ती रोज हलवायची. हसायची. मुलगी झाली, दोन दिवस होती. घरी आलीच नाही."

बाहेर भाभींच्या कुकरची शिट्टी झाली.

"काही संबंध नाही," ते पुढे म्हणाले. "मला माहीत आहे. तिच्या हृदयात दोष होता. पाळणा हलवून हृदय बिघडत नाही, हे मी पाचवीतल्या मुलालाही समजावून देईन. सुलभा सारखी रडायची. म्हणायची, माझ्या हाताने झालं. मी तिला रोज सांगायचो, तुझ्यामुळे नाही झालं, काही संबंध नाही. वर्षभर सांगत होतो. शेवटी तिला पटलं."

"मग?"

"मग काय? मला कुणी सांगितलंच नाही."

माझ्याकडे त्या दिवशी नानांसाठी चांगले चार-पाच टोमणे तयार होते. ते कुठे गेले मला कळलं नाही. मला या माणसाची दया आली, माया वाटली. पोट सांभाळत मी त्यांच्या शेजारी बसले, त्यालाही जरा वेळच लागला.

"नाना, तुमच्यामुळे काही झालं नाही," मी म्हटलं. "तुम्ही पाळणा आणलात त्याचा आणि तिच्या जाण्याचा काही संबंध नाही. अजिबात नाही. आणि हे सामान इथेच राहू दे. बाळ आलं की आपण सगळं वर नेऊ."

नानांनी मान हलवली. साबणाची पुडी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. दाराकडे बघितलं, भाभी येत नाहीत ना म्हणून. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली.

"अश्विनी, परत एकदा सांग."

"सामान इथेच राहू दे."

"ते नाही," नाना म्हणाले. "त्याच्या आधीचं."

मी सांगितलं.