बारा ते चार

काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळच्या घराच्या गच्चीवर देवव्रतने वारा मोजायचं यंत्र बसवलं, तेव्हाच आईला बजावलं, "याला हात लावायचा नाही. माझं सगळं याच्यावर आहे." भर समुद्रावर हवा कशी खळबळते ते मोजायला जहाज निघणार होतं. सात दिवसांची चोख नोंद पाठवली तर त्याला जहाजावर जागा, नाहीतर चार वर्षांचं संशोधन गंगार्पण.

सहाव्या संध्याकाळी त्याने नोंदी उघडल्या. रोज दुपारी बारा ते चार वारा शून्य. बाहेर तापल्या वाऱ्याची लू अशी, की वडिलांचं धोतर उडून शेजारच्या देवळाच्या शिखरावर फडफडत होतं. यंत्राच्या मते मात्र काशीत पानही हलत नव्हतं. त्याने तारा बदलल्या, बॅटरी बदलली, शेवटी मारुतीला नारळ कबूल केला.

सातव्या दिवशी विद्यापीठाला दांडी मारून तो भर दुपारी गच्चीवर गेला. यंत्रावर वेताची टोपली, टोपलीवर गोधडी. शेजारी सोवळं नेसलेली आई, हातात घंटा.

"आई, हे काय?"

"हळू बोल. आत्ताच झोपवलंय. दुपारचा भोग लागला की देव झोपतात, देवाचे पट बंद होतात ना? चारला उठवते."

"हात लावू नको म्हटलं होतं."

"सोवळ्यात होते मी. तूच म्हणालास, सगळं याच्यावर आहे. मग हयगय कशी करू?"

"बरबाद झालो मी," म्हणत देवव्रत गच्चीवर बसला आणि चटका बसून लगेच उठला.

खोटी नोंद करणं त्याला जमेना. मोहिमेच्या प्रमुख मृणालिनी मॅडमना त्याने टोपली, गोधडी, सोवळं, घंटा, सगळं लिहून कळवलं आणि आशा सोडली.

तासाभरात उत्तर आलं. "यंत्र झाकून ते शून्य दाखवतं का, हे आधी तपासायचंच असतं. बाकी कुणीच तपासलं नाही, तुम्ही रोज तपासलंत. जागा पक्की. जहाजावरही रोज हेच करा, याच पद्धतीने, काहीही न वगळता."

महिन्याभराने बंगालच्या उपसागरात, डोलणाऱ्या डेकवर, देवव्रत सोवळं नेसून उभा होता. मॅडमच्या हातात घड्याळ आणि नोंदवही होती.

"टोपली झाली, गोधडी झाली. पुढे?"

देवव्रतने चारी दिशांना पाहिलं. जमीन कुठेच दिसत नव्हती. त्याने घंटा वाजवली.

"आता हळू बोलायचं, मॅडम," तो हताशपणे म्हणाला.