थकवा आटोक्यात असल्याचा दाखला

बाइंडरबाईंचा कर्करोग गेला, हे रुग्णालयाने त्यांना लेखी कळवले होते. कागदावर सही होती, शिक्का होता, तारीख होती. त्यामुळे उपचार संपून आठ महिने झाले तरी त्या थकतात, ही गोष्ट कुठल्याच नियमात बसत नव्हती.

थकवाही साधा नव्हता. रात्रभर झोपून उठल्या तरी अंगात ओली वाळू भरल्यासारखे वाटे. पूर्वी त्या पुस्तकबांधणीच्या दुकानात दिवसाला तीस पुस्तके शिवत. आता बाराव्या पुस्तकाला सुई हातात राही आणि हात मांडीवर. नवऱ्याचे म्हणणे, रिपोर्ट चांगला आल्यावर माणसाने जरा उत्साह दाखवावा. दुकानाचे मालक कनवाळू होते. अर्धा दिवस काम द्यायची त्यांची तयारी होती. फक्त तसा कागद आणा म्हणाले. तोंडी थकव्यावर आपण पूर्वी एकदा फसलो आहोत, असेही म्हणाले.

डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले. असा थकवा खरा असतो, पुष्कळांना होतो, आणि रुग्णशिक्षण हाच त्यावरचा उपाय, असे सांगून त्यांनी चिठ्ठी दिली. शिक्षण कक्ष चौथ्या मजल्यावर होता. लिफ्ट आजारी माणसांसाठी होती. लिफ्टमनने चिठ्ठी वाचली, तीवर ‘रोगमुक्त’ लिहिलेले पाहिले आणि जिना दाखवला.

कक्षातल्या समुपदेशक तळमळीच्या होत्या. पहिल्या पाठाचा विषय ‘शक्तीची बचत’. तो अडीच तास चालला. मध्येच एका वयस्कर गृहस्थांनी जरा टेकायला मिळेल का, असे विचारले, तेव्हा विश्रांती सातव्या पाठात आहे, असे त्यांना प्रेमाने सांगण्यात आले. एकूण पाठ बारा, हजेरी नऊ तरी हवी. शिवाय प्रत्येकाला एक थकवा-नोंदवही मिळाली. तीत दर अर्ध्या तासाला शून्य ते दहापैकी एक आकडा लिहायचा होता.

नोंदवहीची बांधणी इतकी कच्ची होती की बाइंडरबाईंनी घरी जाऊन आधी ती नीट शिवली आणि त्यातच दमून त्यांना झोप लागली. पुढच्या आठवड्यात त्यांच्या बहुतेक दुपारी कोऱ्या निघाल्या.

“इथे काहीच लिहिलं नाहीये,” समुपदेशक म्हणाल्या.

“तेव्हा लिहायचंही त्राण नव्हतं.”

“रिकामा चौकोन म्हणजे शून्य धरतात. म्हणजे दुपारी तुम्हाला थकवा नसतो. छान प्रगती आहे.”

तिसऱ्या पाठाच्या दिवशी बाइंडरबाई तिसऱ्या मजल्यापर्यंतच पोचल्या आणि पायरीवर बसल्या. तिथे फरशी पुसणाऱ्या मावशी बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. त्यांनी उपचार कधी संपले, एवढेच विचारले. मग सांगितले की, आपल्याला सहा वर्षे झाली, आणि त्यातली पहिली दोन कशी गेली ते आपल्यालाच ठाऊक.

“दमल्यावर नाही बसायचं, दमायच्या आधी बसायचं,” मावशी म्हणाल्या. “भांडीसुद्धा बसून घासायची. दिवसाचं मोठं काम एकच, ते सकाळी. आणि रोज थोडं चालायचं. नुसतं पडून राहिलं की अंग आणखी जड होतं.”

“आणि लोक बघतात ते?”

“लोक उभेच असतात. राहू दे त्यांना उभं.”

तुम्ही आता किती छान दिसता, असे न म्हणणारी व्यक्ती बाईंना आठ महिन्यांत पहिल्यांदाच भेटली होती. त्यांना रडू आले. मावशींनी ओले फडके बाजूला ठेवून पदर पुढे केला.

पुढच्या आठवड्यात त्या जिन्यावर पाच जण बसले, त्याच्या पुढच्या आठवड्यात नऊ. चौथ्या मजल्यावरची हजेरी घटल्याने चौकशी झाली. जिन्यात बसून परस्परांना माहिती देण्यास मनाई असल्याचा फलक लागला. मावशींकडे शिकवण्याची पात्रता नव्हती, म्हणून त्यांची बदली तळघरात झाली. त्यांचे बोलणे मात्र आठव्या पाठात घालण्यात आले, भाषा सुधारून.

बाइंडरबाईंची हजेरी कमी पडत होती. रुग्णाऐवजी नातेवाईक चालतो असा नियम निघाला, तेव्हा उरलेल्या पाठांना नवरा गेला. त्याला विषयाची गोडी लागली. सातव्या पाठानंतर तो घरी येऊन पायाखाली उशी घेऊन पडू लागला. नवव्या पाठात कामे दुसऱ्यांवर सोपवावीत असे होते. त्याने ती बायकोवर सोपवली. परीक्षेत तो पहिला आला. दाखला नियमाप्रमाणे बाइंडरबाईंच्या नावे निघाला: थकवा पूर्णपणे आटोक्यात.

मालकांनी दाखला दोनदा वाचला. आटोक्यात म्हणजे पूर्ण दिवस आलाच, असे ते खेदाने म्हणाले. बाई कक्षात परत गेल्या आणि थकवा शिल्लक आहे असे लिहून मागितले. तसे लिहिता येईल, पण मग शिक्षण अपुरे ठरेल आणि पहिल्या पाठापासून यावे लागेल, असे उत्तर मिळाले.

बाई दुकानात आल्या. उभ्याने बोलायचे होते, पण आधी स्टूल ओढून बसल्या.

“कागद काय म्हणतो ते म्हणू दे,” त्या मालकांना म्हणाल्या. “मी एक वाजेपर्यंत शिवीन. एक वाजता उठेन. ठेवायचं तर ठेवा.”

मालकांनी बाईंनी शिवलेले एक पुस्तक हातात घेतले, मधोमध उघडून ताणले. एकही पान हलले नाही. त्यांनी मान डोलावली आणि फाइलला काहीतरी हवे म्हणून दाखलाही ठेवून घेतला.

घरी बाईंनी नवऱ्याला संध्याकाळचा स्वयंपाक सोपवला. तो चकित झाला. “तुम्ही परीक्षेत पहिले आलात ना,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर थोडे चालायला गेल्या.

हे आता चार महिने चालले आहे. एक वाजला की त्या सुई ठेवतात, धाग्याची रिळे झाकतात आणि उठतात. दुकानात उभी असलेली गिऱ्हाइके घड्याळाकडे बघतात. कुणी म्हणते, दमतो आम्हीपण, पण सांगत नाही. कुणी हसून म्हणते, मजा आहे बुवा, अशी नोकरी आम्हाला नाही मिळत.

परवा आपण पुस्तक बांधायला टाकून गेलात, तेव्हा यातले दुसरे वाक्य आपण म्हणाला होतात. पुस्तक गुरुवारी मिळेल. एकच्या आत या.