मालवणीवाघ विरुद्ध नऊब

मंगळवारी ऑफिसात डबा खाता खाता मी एक वेलांटी दुरुस्त करायचं ठरवलं. एकच. ऱ्हस्वाची दीर्घ. एवढ्याशा वेलांटीवरून प्रकरण सरकारी शेऱ्यापर्यंत जातं हे आधी कळलं असतं, तर मी निमूटपणे भेंडी संपवून हात धुतले असते.

मी चंद्रप्रकाश परब. अंधेरीच्या एमआयडीसीत खोकी बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क. राहायला चारकोपला. बायको शर्मिष्ठा तिथल्याच एका शाळेत मराठी शिकवते. मुलं विकिपीडियावरून सगळं उतरवून आणतात म्हणून इतर शिक्षक ओरडतात. शर्मिष्ठाने यंदा उलटंच डोक्यात घेतलं. म्हणाली, उतरवतात ना, मग आता त्यांनी तिथे लिहायचं. मुख्याध्यापिका सुगंधा मॅडमना हे अजिबात पटलं नव्हतं. "कोणीही येतं आणि काहीही खरडतं, तिथे आपली मुलं कशाला?" शेवटी असं ठरलं की शुक्रवारी शिक्षण खात्याचे साहेब येतील, त्यांच्यासमोर मुलांनी लिहून दाखवायचं. साहेबांना आवडलं तर प्रकल्प चालू. काही भानगड झाली तर त्याच दिवशी बंद. दोन महिने शर्मिष्ठा भाजी चिरताना सुद्धा "संदर्भ द्या, संदर्भ द्या" असं पुटपुटत होती.

मुलांनी 'घावन' या विषयावर पान तयार केलं. शर्मिष्ठाने मला लिंक पाठवली आणि वर बजावलं, "फक्त वाच. हात लावू नकोस."

"मी कशाला हात लावतोय?" मी म्हणालो. (तेव्हा मी मनापासून म्हणालो होतो.)

पण पहिल्याच ओळीत 'तांदळाचे पिठ' असं होतं. बायको मराठीची शिक्षिका, आणि 'पिठ' ऱ्हस्व! शुक्रवारी साहेबांनी बघितलं असतं तर? मी खातं उघडलं. नाव मागितलं तेव्हा आवेशात 'मालवणीवाघ' टाकलं. वेलांटी दुरुस्त केली आणि तिथेच थांबणार होतो, तर खाली वाक्य दिसलं: 'एक बाजू भाजली की घावन उलटवतात.'

उलटवतात? मी जन्मात उलटवलेलं घावन बघितलं नव्हतं. आमच्याकडे झाकण ठेवतात, वाफ आली की घडी घालून ताटात. मी वाक्य बदललं: 'घावन कधीही उलटवत नाहीत.' आणि समाधानाने ताक प्यालो.

दहा मिनिटांनी फोनवर सूचना आली. 'नऊब यांनी तुमचे संपादन उलटविले.'

मी चक्रावलो. मी लिहितोय उलटवत नाहीत, आणि हा सांगतोय उलटवलं! शिवाय हा नऊब कोण? नवाब लिहायचं असावं. ज्याला स्वतःचं नाव शुद्ध लिहिता येत नाही, तो आमच्या घावनात नाक खुपसतो? माझ्या बायकोच्या पोरांचं पान कोणीतरी बिघडवतंय आणि आपण गप्प बसायचं? मी ताबडतोब चर्चेच्या पानावर लिहिलं, 'घावन उलटवू नका.' उत्तर आलं, 'आदरणीय सदस्य, आम्ही घावन नाही, तुमचा बदल उलटवला आहे. कारण संदर्भ नाही.'

मी पुन्हा लिहिलं, 'बदल उलटवा, डोसा उलटवा, पण घावन उलटवू नका.'

'आदरणीय सदस्य, तुमचा स्रोत कोणता?'

'माझी आई.'

'आदरणीय सदस्य, आई हा प्रकाशित स्रोत नाही.'

माझं डोकंच फिरलं. आईला अप्रकाशित म्हणतो! त्या दिवशी नवी मुंबईला जाणारी चाळीस खोकी मी नाशिकच्या ट्रकमध्ये चढवली, पण नवाबाला सोडलं नाही.

रात्री जेवताना शर्मिष्ठाचं तोंड उतरलेलं. "अरे, कोणीतरी एक खडूस म्हातारा माझ्या पोरांच्या पानाच्या मागे लागलाय."

"मला माहितेय," मी म्हणालो. "तू टेन्शन घेऊ नकोस. मी त्याला बघतोय."

"तू? कसा?"

"ते तू माझ्यावर सोड. एक भला माणूस तिथे त्याला पुरून उरलाय."

तिने माझ्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं की मी बुधवारी सकाळी ऑफिसात जाऊन खुर्चीवर टेकायच्या आत पाच वेळा संपादन केलं. नवाबाने पाचही वेळा उलटवलं. दर वेळी 'आदरणीय सदस्य'. इतका गोड बोलणारा माणूस नक्कीच पोचलेला असणार, असं माझं मत झालं. तिथे 'इतिहास पहा' असं एक बटण होतं. म्हटलं घावनाचा इतिहास असेल, एखाद्या शिलालेखात वगैरे उल्लेख सापडेल. दाबलं तर माझाच इतिहास. किती वाजून किती मिनिटांनी मी काय केलं, ओळीने.

गुरुवारी दुपारी पानाला कुलूप लागलं. प्रचालक नावाचा कोणी अधिकारी असतो, त्याने वर लिहिलं होतं, 'संपादन युद्धामुळे पान एक आठवडा सुरक्षित.' मी खूश झालो. सुरक्षित! आता नवाबाला काही करता येणार नाही. पेढे घेऊन घरी गेलो.

शर्मिष्ठा सोफ्यावर बसून रडत होती.

"पान लॉक झालं रे. उद्या साहेब येणार आणि माझ्या पोरांना एक अक्षर टाइप करता येणार नाही. वाट लागली. सुगंधा मॅडम तर वाटच बघतायत."

"पण सुरक्षित म्हणजे चांगलं ना?"

"चांगलं काय? कोणालाच लिहिता येत नाही! त्या मेल्या मालवणीवाघामुळे."

हातातला पेढ्यांचा बॉक्स मी हळूच पाठीमागे नेला. "शर्मिष्ठा, मग तो... नवाब कोण?"

"कोण नवाब?"

"नऊब."

"अरे नऊ ब! नववी ब! माझा वर्ग! आमची मॉनिटर अपूर्वा उत्तरं देते, बिचारी दर वेळी विचारून विचारून." ती एकदम थांबली. "तुला नऊब कसं माहीत?"

पुढची पंधरा मिनिटं मी इथे देत नाही. मला फार वाईट वाटलं, खरंच. मी तिच्यासाठी लढत होतो आणि समोर तीच उभी होती. शेवटी तिने फर्मावलं, "उद्या सुट्टी टाक. शाळेत ये आणि पोरांची माफी माग."

शुक्रवारी मी कॉम्प्युटर रूमच्या शेवटच्या बाकावर बसलो. (गुडघे हनुवटीला लागत होते.) माफी मागायला उभा राहणार तेवढ्यात साहेब सुगंधा मॅडमसोबत आत आले, आणि मी तसाच खाली बसलो.

शर्मिष्ठा पुढे झाली. "सर, पान लॉक आहे. मुलं लिहून दाखवू शकणार नाहीत."

सुगंधा मॅडमनी साहेबांकडे बघून मान हलवली. "मी म्हटलं नव्हतं?"

तेव्हा अपूर्वा उभी राहिली. "सर, लिहिता येत नाही, पण आम्ही भांडलो कसं ते दाखवता येईल." आणि तिने भिंतीवरच्या पडद्यावर चर्चेचं पान लावलं. एकेक पोर उठून वाचायला लागलं. आधी मालवणीवाघाचं वाक्य, मग वर्गाचं उत्तर. 'बदल उलटवा, डोसा उलटवा' ला साहेब पोट धरून हसले. 'आई हा प्रकाशित स्रोत नाही' ला त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सव्वीस उत्तरं," साहेब म्हणाले, "आणि एकदाही तोल गेला नाही. आमच्या खात्यात हे कोणाला जमत नाही. मॅडम, प्रकल्प चालू ठेवा. सगळ्या वर्गांना लागू करा."

शर्मिष्ठाने डोळे पुसले. मीही पुसले. मग साहेब पडद्यावरच्या वेळा बघू लागले. "अकरा बेचाळीस, बारा दहा, दोन पाच... सगळं शाळेच्या वेळात. हा मालवणीवाघ वर्गात बसतो की नाही? कितवीत आहे?"

शर्मिष्ठा शेवटच्या बाकाकडे न बघता म्हणाली, "सर, तो... बाहेरून बसलाय."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: 'प्रकल्प उत्तम. मालवणीवाघ या विद्यार्थ्याच्या पालकांना बोलावून समज द्यावी.'

साहेब गेल्यावर मी पोरांसमोर आणि सुगंधा मॅडमसमोर कबुली देऊन माफी मागितली. पण शेरा सरकारी. सुगंधा मॅडमना पूर्तता अहवाल पाठवायचा होता, आणि कागदावर खोटं लिहिणं त्यांना जमत नाही. त्यामुळे सोमवारी आमच्या आईला, म्हणजे रुक्मिणी परब, वय चौऱ्याहत्तर, शाळेत बोलावलं गेलं. ती नवं लुगडं नेसून गेली. मी पाठोपाठ. मनात म्हटलं, आता बघू, खुद्द स्रोतच येतोय.

अपूर्वाने विचारलं, "आजी, घावन उलटवतात का?"

"उलटूक नाय तर कच्चाच रवतला गो," आई म्हणाली.

"पण काका म्हणतात कधीच उलटवत नाहीत."

"ह्येका काय ठावक? आयता ताटात येता. मी कधी भाजतंय, कधी उलटतंय, ह्यो कधी रांधपाच्या खोलीत डोकावलोहा? पन्नास वर्सां झाली मेल्याक!"

पोरं हसून लोळली. सुगंधा मॅडम पहिल्यांदाच हसताना दिसल्या. आईने मला सगळ्यांदेखत समज दिली आणि अहवालावर सही केली.

त्या संध्याकाळी फोनवर शेवटची सूचना आली. 'आदरणीय सदस्य, तुमच्या आईने तुमचा दावा चुकीचा असल्याचे सांगितले आहे. आई हा प्रकाशित स्रोत नसल्याने हे आम्ही पानावर घेतलेले नाही. तुम्हाला फक्त माहितीसाठी कळवले. नऊब.'