दुपारचे प्रभूशेठ

बार्शीच्या साडूनं दोन दारांचा फ्रिज घेतला.

रिकामं भांडं परत देऊ नये.

लोखंड वितळवून वितळवून माणूस कधीतरी महालोहार होतो.

मे महिन्यात सोलापुरातलं कुत्रं दुपारी भुंकत नाही. भुंकायचंच असलं तर संध्याकाळपर्यंत थांबतं.

टॉवेल आणि चादरी विकणाऱ्याला हातोडा धरता आला नाही तरी चालतं.

या गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं प्रभुलिंगला गुरुवारपर्यंत वाटलं नव्हतं.

•

चाटी गल्लीत प्रभुलिंगचं टॉवेल-चादरींचं दुकान होतं. घरी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर तो खालच्या मजल्यावरच्या ईरप्पाला हाक मारायचा. पण ‘वज्रदुर्ग’ नावाच्या ऑनलाइन खेळात तो लोहार होता. बाकीचे लोक त्या खेळात राक्षस मारायला जात. प्रभुलिंग भट्टीपुढं बसे. खेळात लढाईखेरीज हुन्नरही शिकता येत: लोहार, शिंपी, वैद्य, आचारी. हुन्नराची लेव्हल वाढवायची तर एकच वस्तू पुन्हा पुन्हा बनवावी लागे. प्रभुलिंगनं कट्यारी केल्या. कुणी घेईना, म्हणून त्या वितळवून पुन्हा कट्यारी केल्या. दुकानात गिऱ्हाइकाला तिसरा टॉवेल उलगडून दाखवायचा त्याला कंटाळा यायचा. इथे मात्र त्याची चिकाटी पाहून लोखंडानंच हात टेकले असते.

हे सगळं सुखात चाललं होतं. मग एका बारशाला त्यानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

“काय करायलाय साडूभाऊ मोबाइलमध्ये?” अनिलकुमारनं विचारलं होतं.

“तुम्हाला नाही जमायचं ते, अनिलराव. त्याला चिकाटी लागते.”

दोन महिन्यांत अनिलकुमार त्याच्या पाच लेव्हल पुढं होता.

•

अनिलकुमार म्हणजे प्रभुलिंगच्या मेव्हणीचा, धनलक्ष्मीचा नवरा. बार्शीत त्याची धान्याची आडत. प्रभुलिंगनं कूलर घेतला त्या आठवड्यात बार्शीत एसी बसला. प्रभुलिंगनं सेकंडहँड गाडी काढली, तेव्हा अनिलकुमार पहिली गाडी विकून दुसरीच्या शोधात होता. अक्कलकोटला सासुरवाडीत थोरला जावई म्हणून पहिलं ताट प्रभुलिंगला मिळे, नाही असं नाही. पण त्या ताटात गव्हाची गोड हुग्गी वाढता वाढता सासूबाई अक्कम्मा विचारत, “बार्शीचे कवा येणार म्हणे?” आणि सासरे शिवलिंगप्पा दाराकडं बघत. त्या वेळी हुग्गीतला गूळ कुठं जातो, हे प्रभुलिंगला कधी कळलं नाही.

एकदा, फक्त एकदा, अनिलकुमारच्या वर जायचं होतं त्याला. फ्रिजमध्ये जमलं नाही, गाडीत जमलं नाही. लोहारकामात जमणार होतं.

•

खेळातल्या टोळीला गिल्ड म्हणतात. भिशीसारखाच प्रकार, फक्त पैशांऐवजी तलवारी फिरतात. दोघा साडूंच्या गिल्डची प्रमुख माळशिरसची पायल, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. तिच्या दुप्पट वयाची माणसं तिला मॅडम म्हणायची.

“आपल्याला उल्काभट्टी मिळाली आहे,” रविवारी तिनं हेडफोनमधून सगळ्यांना सांगितलं. “एकच आहे. पुढच्या रविवारी मी एका लोहाराला देणार. लेव्हल बघणार, आणि गिल्डच्या कामाला कोण किती येतं तेही बघणार.”

‘आणि’च्या पुढचं येईपर्यंत प्रभुलिंगनं हेडफोन काढून हिशेब मांडायला घेतला होता. शेवटच्या लेव्हलना उल्कालोह लागतं, म्हणजे निळे दगड. ते त्यानं महिनोन्महिने पेटीत साठवले होते. त्याआधीच्या लेव्हल साध्या लोखंडावर चढायच्या, की मग दगड बाहेर काढायचे आणि अनिलकुमारच्या डोक्यावरून उडी मारायची. अडचण एकच. दुपारभर दुकान.

“हे बटण दाबायचं,” त्यानं सोमवारी बायकोला, सिद्धेश्वरीला, लॅपटॉपपुढं बसवून सांगितलं. “लोखंड संपलं की हे दुसरं. बास.”

“दुपारी मी शेंगा सोलत असते की.”

“एक हात मोकळा असतो की.”

“आणि कोण आलं-बिलं तर?”

“कुणाशी बोलायचं नाही. काही विकायचं नाही. नुसतं ठोकायचं.”

देऊ नकोस, असं तो म्हणाला नाही. कुणी काही देईल ही कल्पनाच त्याच्या डोक्यात आली नाही.

•

गुरुवारी संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर त्यानं हेडफोन चढवले, तर गिल्डमध्ये त्याच्या नावाचा गजर चालला होता.

“प्रभूशेठ, मानलं बगा तुमाला,” करकंबचा इंद्रजीत म्हणाला. तो खेळात आचारी होता आणि घरी ऊस लावायचा. “म्या आपलं वाडगाभर कालवण धाडलं, तर तुमी उल्कालोह? लई मोठं मन हाय.”

आपली टिंगल चाललीय असं प्रभुलिंगला वाटलं.

“असंच ठेवा प्रभूशेठ,” पायल म्हणाली. मॅडम टिंगल करत नसत.

त्यानं पेटी उघडली. निळं काही दिसेना. पेटीत मासे होते, झेंडूच्या माळा होत्या, लिंबाचा पाला होता, चामड्याची पखाल होती. तळाशी एक बकरी उभी होती आणि त्याच्याकडं बघत होती.

सिद्धेश्वरी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती.

“निळे दगड कुठं गेले?”

“ते व्हय? दिले की.”

“दिले? कुणाला दिले?”

“त्या करकंबच्या पोरानं वाडगाभर कालवण पाठवलं. वाडगं रिकामं परत पाठवू? मग त्यानं कुणाला तरी सांगितलं असेल. दुसऱ्यानं मासे पाठवले, तिसऱ्यानं माळा. सगळे बिचारे आठवणीनं पाठवायलेत.”

“सिद्धे, ते खरं वाडगं नाही.”

“मग तुमचे दगड तरी कुठं खरे आहेत?”

प्रभुलिंगनं दाराच्या चौकटीला हात टेकला. “कट्यार द्यायचीस. ढिगानं पडल्यात.”

“वाडग्यात सुरी घालून देतं का कोण?” तिनं भाकरी तव्यावर टाकली. “विकू नको म्हणाला, मी विकलं नाही. बोलू नको म्हणाला, बोलले नाही. आणि ते बार्शीभीम आहे की, ते तर लईच चांगलं माणूस. कोंबडी दिली, मी दगड दिला. नारळ दिला, मी दगड दिला. ऐकतच नाही. मग मी तरी मागं कशी राहू?”

बार्शीभीम हे अनिलकुमारचं खेळातलं नाव होतं.

•

प्रभुलिंगला सगळा कट लख्ख दिसला. हिचा स्वभाव साडूला ठाऊक. एक कोंबडी टाकायची, एक दगड उचलायचा. आडतीवर बसून माणसाला दुसरं येतं काय? ज्वारीचं पोतं उघडायच्या आधीच वजन सांगणारी ही जात. हिला निळ्या दगडाची किंमत माहीत नाही, हे त्यानं पहिल्या कोंबडीलाच ओळखलं असणार.

पण ज्या वाटेनं दगड गेले, त्याच वाटेनं परत आणता येतील, असंही त्याला सुचलं. रिकामं परत न देण्याची रीत बार्शीतही असेलच. त्यानं बार्शीभीमाला बकरी पाठवली आणि वाट बघत बसला.

उत्तर आलं: “थँक्यू साडूभाऊ.” सोबत काही नाही.

बकरी हलकी पडली असेल, म्हणून त्यानं चांदीच्या मुठीची तलवार पाठवली.

“वा. छान आहे.”

मग मात्र त्याला चेव चढला. त्यानं स्वतःच्या पात्राच्या डोक्यावरचं शिरस्त्राण उतरवलं आणि तेही पाठवलं. त्याच्याकडं त्याहून चांगलं काही नव्हतंच.

“आज काय विशेष? माझा वाढदिवस डिसेंबरात असतो.”

सिद्धेश्वरी पदराला हात पुसत मागं येऊन उभी राहिली होती. “अनिलरावांना कशाला पाठवायलाय? पुरुष माणसं ठेवूनच घेतात.”

“मग दुपारी कसा देत होता?”

“दुपारी ते कुठं असतात? दुपारी आमची धनलक्ष्मी असते की.”

प्रभुलिंगनं खुर्ची फिरवली. “तुला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला पाहिजे? नारळाबरोबर खण आला. अनिलराव खण पाठवतील होय? तिलापण बसवलंय त्यांनी बटण दाबायला. कुणाशी बोलायचं नाही म्हणून दम दिला असणार. म्हणून आम्ही दोघी बोललो नाही. नुसतं देत-घेत बसलो. लई बरं वाटलं बघा, माहेरी गेल्यासारखं.”

“म्हणजे माझे दगड धनलक्ष्मीकडं सुखरूप आहेत.”

“कशाचे? तिनंपण वाटले की. तिच्याकडं वाडगी येत नसतील?”

•

प्रभुलिंगला हसावं की रडावं ते कळेना, तेवढ्यात फोन वाजला. बार्शी.

“साडूभाऊ, झोपला नाही न्हवं?” अनिलकुमारचा आवाज कधी नव्हे इतका मऊ होता. “एक विचारायचं होतं. थोडं उल्कालोह असलं तर बघता का? माझं सगळं संपलंय. पेटी उघडली तर मेंढरंच मेंढरं.”

दोघांना साडू होऊन अकरा वर्षं झाली होती. अनिलकुमारनं आजवर त्याच्याकडं पाण्याचा तांब्यासुद्धा मागितला नव्हता.

“बघतो की,” प्रभुलिंग म्हणाला. फ्रिजमध्ये किती लिटर मावतं हे सांगताना अनिलकुमार ज्या सुरात बोलला होता, त्याच सुरात.

“आणि ती तलवार, शिरस्त्राण... ते कशाला?”

“असंच. आपली माणसं म्हणून.”

फोन ठेवल्यावर तो पोटभर जेवला.

•

रविवारी सगळी गिल्ड जमली. प्रभुलिंगचं पात्र बोडक्यानं उभं होतं. बार्शीभीमाच्या डोक्यावर प्रभुलिंगचं शिरस्त्राण होतं आणि ते त्यालाच जास्त शोभत होतं.

“लेव्हल अनिलकुमार सरांची जास्त आहे,” पायलनं सुरुवात केली. अक्कलकोटची हुग्गी प्रभुलिंगच्या डोळ्यांपुढं आली. “पण मी दुसरंही बघणार म्हणाले होते. आजवर जो तो आपली पेटी कवटाळून बसायचा. या आठवड्यात प्रत्येकाकडं काही ना काही आलं, प्रत्येकानं काही ना काही पाठवलं. गिल्ड पहिल्यांदा गिल्डसारखी वाटली. आणि हे सुरू झालं एका माणसापासून. भट्टी प्रभूशेठना.”

हेडफोनमध्ये एकच गलका झाला. त्या गलक्यात प्रभुलिंग एकाच आवाजाची वाट बघत होता. तो आला, जरा उशिरा आणि जरा जड. “अभिनंदन, साडूभाऊ.”

ते दोन शब्द त्यानं लिंबाच्या गोळीसारखे तोंडात घोळवले.

“एकच अट आहे,” पायल म्हणाली. “भट्टी दुपारीच पेटवायची.”

“म्हणजे?”

“राग मानू नका. दुपारचे तुम्ही वेगळे असता. संध्याकाळी आलात की आधी सगळ्यांच्या लेव्हल विचारता, मग अनिलकुमार सर ऑनलाइन आहेत का विचारता. दुपारी काही विचारत नाही. नुसतं पाठवता.”

“व्हय,” इंद्रजीत म्हणाला. “दुपारचं मानूस येगळंच हाय. देवमानूस.”

“माणूस तोच आहे,” प्रभुलिंग म्हणाला.

खरं काय ते एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्यात भट्टी हातची गेली असती. तिकडं बार्शीतूनही कुणी बोललं नाही. अनिलकुमारला एव्हाना धनलक्ष्मीकडून सगळं कळलं होतं, पण प्रभुलिंगची दुपार उघडी केली असती तर त्याची स्वतःचीही उघडी पडली असती.

•

सोमवारपासून दुकानात बसणं कठीण झालं. गिऱ्हाईक पंचा मागे, हा नॅपकिन काढे. मध्येच मोबाइलवर डोकावून बघे, तर त्याचं पात्र भट्टीपुढं बसलेलं आणि भोवती ही गर्दी. कट्यारी बंद झाल्या होत्या. आता उलथनी, पळ्या, तवे, अडकित्ते तयार होत होते आणि लोक ते रांग लावून नेत होते. उल्काभट्टीत साधं लोखंडही उल्कालोहासारखं वागे, त्यामुळं लेव्हल रोज चढत होती. बुधवारी, एक बाई चादरीचा रंग जाईल का असं विचारत असताना, प्रभूशेठ शेवटची लेव्हल गाठून महालोहार झाले. अभिनंदनाचे संदेश आले. त्यानं ते सगळे वाचले. चादरीचा रंग जाणार, असंही तो बाईंना सांगून बसला.

त्या संध्याकाळी त्यानं हेडफोन लावून “नमस्कार” म्हटलं.

“राम राम शेठ,” इंद्रजीत म्हणाला. “उद्या दुपारी या की.”

अनिलकुमार तर मागंच पडला होता. त्याला दुसरी गाडी मिळाल्याचं कळलं तेव्हा प्रभुलिंगला काहीच झालं नाही. हेवा करायला आता बार्शीपर्यंत जायची गरज उरली नव्हती. घरातच सोय झाली होती.

शेवटी एका दुपारी त्यानं दुकानाचं शटर अर्धं ओढलं, शेजारच्याला लक्ष ठेवायला सांगितलं आणि उन्हातून घरी आला. सिद्धेश्वरी लॅपटॉपपुढं बसली होती. एक हात बटणावर, एक शेंगांत.

“सरक,” तो म्हणाला. “आता मी बसतो.”

“तुम्ही आला की सगळी पळतात,” ती म्हणाली आणि शेंगांचं सूप तिनं त्याच्याकडं सरकवलं. “हे घ्या.”

तो खाली मांडी घालून बसला. एक शेंग फोडली, दुसरी फोडली. थोड्या वेळानं त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “अनिलराव कुठवर आलेत?”

“बघितलं नाही,” सिद्धेश्वरी म्हणाली. ती कुणासाठी तरी झारा करत होती.

लग्न ठरवताना शिवलिंगप्पांनी थोरल्या मुलीपुढं, सिद्धेश्वरीपुढं, दोन मुलांचे फोटो ठेवले होते, एक बार्शीचा आणि एक सोलापूरचा. तिनं सोलापूरचा उचलला होता.