मागच्या सीटचे वामनकाका

आमचे वामनकाका मोटरसायकलच्या शोरूममध्ये शिरले की थेट मागच्या सीटवर चढतात. पुढच्या सीटकडे ढुंकूनही बघत नाहीत. सेल्समनला म्हणतात, "तुम सामने बैठो मियाँ, हँडल पकडो." तो बिचारा टाय सावरत उभ्या गाडीचं हँडल धरून बसतो. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून डोळे मिटतात आणि थोड्या वेळानं निकाल देतात, "नक्को. कमरेला लागतंय."

काका काचीगुड्याला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि साठी उलटल्यावर त्यांनी आयुष्यातली पहिली मोटरसायकल घ्यायचं काढलं. तीही क्रूझर, साडेतीनशे सीसीची! मी रोज कुकटपल्लीला ऑफिसात मोटरसायकलनं जाते, म्हणून सल्लागार मी. सल्ला मात्र त्यांनी एकही ऐकला नाही.

"काका, स्कूटर घ्या ना. गिअरची कटकट नाही."

"स्कूटरला मागे टेका कुठं असतो, मंजू?"

"अहो, पण तुम्हाला पुढे बसायचंय!"

"पुढचं बघू गं. मागून कशी आहे ते सांग."

मला वाटायचं, जुनी खोड आहे. काकांनी अख्खी नोकरी हमीदभाईंच्या स्कूटरवर मागे बसून केली. हमीदभाई त्यांच्याच ऑफिसातले, मागच्या गल्लीतले. सकाळी दोन हॉर्न वाजले की काका डबा घेऊन बाहेर. नामपल्लीला आधी ऑफिससमोरच्या हॉटेलात चहा, मग काम. निवृत्तीनंतर काम सुटलं, चहा काही सुटला नाही. गेल्या वर्षी हमीदभाईंना लकवा झाला, स्कूटर विकली गेली, तेव्हा कुठे चहा थांबला.

एका शोरूममध्ये काकांनी स्वतःचा उजवा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि कसाबसा सीटवरून पलीकडे टाकला. मी घाबरले. "काका, पायाला काय झालं?"

"माझ्या नाही गं. हमीदच्या." त्यांचा चेहरा उजळला होता. "जातोय बघ पाय. हीच घ्यायची."

मग मी त्यांना मैदानावर शिकवायला नेलं. गाडी गचके खायची, बंद पडायची. आणि काका टाकीला चिकटून बसायचे. मागे सरका म्हटलं की म्हणायचे, "मागे माणूस बसणार ना."

माणूस बसेना. लायसन्स हातात आल्यावर काका गाडी घेऊन हमीदभाईंच्या घराखाली गेले, तर ते वरूनच म्हणाले, "पीछे तुम बैठते वामनराव, मैं नहीं बैठता." खिडकी बंद. ऑटोनं चहाला जाणं हमीदभाईंना दवाखान्यात गेल्यासारखं वाटे, आणि दुसऱ्याच्या मागे बसणं त्याहून वाईट.

तरी काका रोज जात. दोन हॉर्न वाजवत, वर बघत, थांबत आणि परत येत. एकदा मी विचारलं, नामपल्लीला चहा तरी घेऊन येता का? "एकट्यानं काय घ्यायचा?" म्हणाले. मला फार वाईट वाटलं. हमीदभाईंचा रागही आला.

परवा रविवारी मी दूध आणायला गेले, तेव्हा काका त्या घराखालीच होते. हॉर्न वाजवून झाले होते. निघताना गाडी गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली.

"अरे क्लच आहिस्ता छोडो, वामनराव! रोज सुन रऊँ मैं. गाडी की जान लेते क्या?"

काकांनी मान वर केली. "तो नीचे आओ ना. पीछे बैठ के बताओ."

हमीदभाई खिडकीतून वाकून मागची सीट बघत राहिले. मग म्हणाले, "पहले सीख लो. कल देखते."

काका घरी आले नाहीत. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी फिरवत राहिले, टाकीला चिकटून, मागची सीट मोकळी ठेवून. माझ्या जवळून जाताना त्यांनी गाडी थांबवली. या वेळी ती बंद पडली नाही.

"उद्या म्हणाला गं," ते म्हणाले.

वरची खिडकी अजून उघडीच होती.