नोंद क्रमांक ३९८७ : लग्न, कराड

ज्या गोष्टीला क्रमांक नाही ती घडलेलीच नसते, हे सुधारलेल्या जगाचं पहिलं तत्त्व आहे. अडाणी माणूस दुखलं की ओरडतो; सुधारलेला माणूस नोंद करतो. ओरडण्यानं शेजारी जागे होतात, नोंदीनं कोणालाच त्रास होत नाही.

चेन्नईत अण्णा नगरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. २००५ साली तिथे चुका नोंदवण्याचं सॉफ्टवेअर आलं. प्रोग्रॅममध्ये चूक, म्हणजे बग, सापडला की तो नोंदवायचा, त्याला क्रमांक मिळायचा, मग तो कोणाच्या तरी गळ्यात पडायचा आणि दुरुस्त होऊन बंद व्हायचा. हे इतकं सुरेख चाललं की आमचे मॅनेजर अनंतकृष्ण यांनी प्रोजेक्टची सगळीच कामं त्यात घातली, आणि पुढे जे काम नव्हतं तेही. "नो नंबर, नो टॉक," असं ते म्हणत. कोणी जागेवर येऊन बोलू लागलं की ते फक्त हात पुढे करत, क्रमांकासाठी.

'एसी गळतो' (क्र. १८०, खाली बादली ठेवून बंद). 'कॉफी गोड नाही' (क्र. २१२, कॉफीवाले सुब्बा यांनी स्वतः पिऊन पाहिली, त्यांना गोड लागली, सबब बंद). 'डास' (क्र. ३४०, चेन्नईत हे अपेक्षितच आहे, बंद). दोन वर्षांत ३९८५ नोंदी झाल्या, त्यांतल्या ३९७१ बंद झाल्या. सुटल्या किती, हा रकाना सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्यामुळे ती काळजीही नाही.

रोज सकाळी नव्या नोंदी तपासून वाटण्याचं काम माझ्याकडे, म्हणजे पुरुषोत्तमकडे, होतं. आपला मुलगा चेन्नईत रोज आठ-आठ गोष्टी बंद करतो, हे आमचे वडील सोलापुरात अभिमानानं सांगत.

रजाही अर्थात नोंदीनंच मिळे. फेब्रुवारीत ऋजुतानं नोंद केली: 'रजा. कारण: लग्न. स्थळ: कराड. बुधवार.' क्रमांक ३९८६. मी ती मंजुरीला पाठवली. पाच मिनिटांनी, तीन टेबलं पलीकडे बसणाऱ्या अनिकेतची आली: 'रजा. कारण: लग्न. स्थळ: कराड. बुधवार.' क्रमांक ३९८७.

एकाच गोष्टीच्या दोन नोंदी आल्या तर पहिली ठेवायची आणि दुसरी 'ड्युप्लिकेट' म्हणून बंद करायची, असा नियम आहे. मी तो पाळला.

अनिकेत माझ्याकडे धावत आला. "अरे पुरुषोत्तम, ती नवरी आहे. मी नवरा आहे!"

"नोंदीत तसं म्हटलेलं नाही," मी म्हणालो.

त्यानं खुलासा जोडून नवी नोंद केली. ती बंद केलेल्या नोंदीसारखीच असल्यामुळे बंद झाली. तिसऱ्या वेळी त्यानं तीव्रता 'ब्लॉकर' लिहिली, म्हणजे सगळं काम ठप्प. अनंतकृष्णांनी ती 'कॉस्मेटिक', म्हणजे नुसती दिसण्यापुरती, केली, कारण अमेरिकेतल्या क्लायंटला त्या लग्नानं काहीच फरक पडत नव्हता. शनिवारी ऋजुता मंजूर रजेवर कराडला गेली. सोमवारी अनिकेत जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून होता. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, पण नोंद बंद झालेली होती.

मिरजेहून त्याच्या आईचे ऑफिसच्या फोनवर तीन फोन आले. त्याच्यानं बोलवेना, म्हणून मीच घेतले. "अहो, हळद मंगळवारी आहे. येतोय ना तो?" मी म्हणालो, "बघतो, कळवतो." आणि फोन ठेवला.

आमच्या टेस्टर सरोजा मूळ तंजावरच्या. दुरुस्त झालेला बग खरंच दुरुस्त झालाय का, हे पाहून नोंद बंद करायचा अधिकार त्यांचा. त्या अनिकेतजवळ जाऊन बसल्या. "अय्यो, रडूं नको पा. माणसासाठी इथं कोण जातो? बगासाठी सगळे जातात." आणि त्यांनी कराडला फोन लावला.

तासाभरात कराडच्या एका सायबर कॅफेतून नोंद आली. क्रमांक ४०६१. 'स्थळ: मंगल कार्यालय, कराड. अपेक्षित: बोहल्यावर दोघं. प्रत्यक्षात: एक. पुन्हा घडवून पाहण्याची रीत: या आणि मोजा. तीव्रता: ब्लॉकर. नोंदवणार: ऋजुता.'

अनंतकृष्ण उभेच राहिले. साइटवर ब्लॉकर! "हू इज ओनिंग धिस? टुडे इटसेल्फ समबडी मस्ट गो!" मी नोंद तपासली. ती कोणाचीही ड्युप्लिकेट नव्हती. या विषयाची पूर्वमाहिती असलेला टीममध्ये एकच माणूस होता, म्हणून ती अनिकेतच्या नावे टाकली. त्याला संध्याकाळच्या पुण्याच्या विमानानं ऑनसाइट, म्हणजे थेट बगाच्या जागी, पाठवण्यात आलं. ही रजा नसून ड्युटी असल्यानं रजेचा प्रश्नच उरला नाही.

हळद लागली. बुधवारी अक्षता पडल्या. बारा वाजता सरोजांनी फोन करून विचारलं, "दोघं आहेत?" ऋजुता म्हणाली, "आहेत. मोजले." नोंद बंद झाली. आमच्या इतिहासात खरोखर सुटलेली अशी ही पहिलीच, म्हणून अनंतकृष्णांनी टीमला कॉफी पाजली (गोड नव्हती).

एवढं झाल्यावर मला आठवलं, की मिरजेला कळवायचं राहिलंच होतं. तपासून पाहिलं, तर त्या तीन फोनांची नोंदच नव्हती. म्हटलं, सुटलो.

आता तुम्ही आम्हाला हसत असाल, तर खुशाल हसा. फक्त मागच्या वेळी आईनं फोनवर "कधी येतोयस?" म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, ते जरा आठवून पाहा. "बघतो, कळवतो," हेच ना? घाबरू नका. त्याला क्रमांक नाही. म्हणजे आमच्या नियमानुसार तिनं विचारलेलंच नाही.