अर्धा किलो घरची लिंबं

ग्रॅमसाहेब आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि तेसुद्धा धड बोलले नाहीत. त्यांनी नुसतं 'हं' म्हटलं.

झालं असं, की एके दिवशी बायकोने डब्याबरोबर सरबताची बाटली दिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत तिने लावलेला पुदिना आणि गवती चहा नुसता माजला होता. दोन्ही खुडून ती गरम पाकात झाकून ठेवायची आणि पाक निवला की गाळून त्यात लिंबू पिळायची. ऑफिसात बाटलीचं झाकण उघडलं तसा वास टेबलाटेबलांवरून फिरला आणि मंडळी आपापले पेले घेऊन हजर झाली. मोठ्या बाईंनी, म्हणजे ऑफिसच्या प्रमुखांनी, एक घोट घेतला, डोळे मिटले आणि विचारलं, "लिंबं तुमच्या त्या झाडाची का?"

यात बाईंची काही चूक नव्हती. ग्रॅमसाहेबांनी गच्चीवरच्या ड्रममध्ये बी पेरून वाढवलेल्या लिंबाच्या झाडाची वार्ता ऑफिस वर्षानुवर्षं ऐकत आलं होतं. त्याला खत कुठलं घातलं, मुंगळे कसे घालवले, पानं कशी तकतकीत आहेत, सगळं सगळ्यांना तोंडपाठ होतं. फक्त एक बारीकशी गोष्ट सांगायची राहून गेली होती. त्या झाडाला आजवर एकही लिंबू लागलेलं नव्हतं.

"हं," ग्रॅमसाहेब म्हणाले.

हे ऑफिस वजनमापं तपासणाऱ्यांचं. दुकानादुकानांतून जाऊन काटे बरोबर आहेत की नाहीत ते बघायचं, बरोबर असले तर शिक्का मारायचा, नसले तर जप्त करायचे, हे त्यांचं काम. त्यात ग्रॅमसाहेब म्हणजे एक ग्रॅमसुद्धा सोडणार नाहीत, म्हणून तर बाजाराने त्यांना हे नाव ठेवलं होतं. ते दुकानात शिरले की दुकानदार आधी काटा पुसायचा आणि मग खुर्ची. असा हा नाकासमोर चालणारा माणूस त्या दिवशी घरी आला तो मान खाली घालूनच.

"'नाही' म्हणायला काय झालं होतं?" बायकोने विचारलं.

"सगळे इतके खूश होते गं."

"मग उद्या सांगून टाका."

सांगायचं ठरवूनच ते दुसऱ्या दिवशी गेले. पण ते तोंड उघडणार एवढ्यात मोठ्या बाईच म्हणाल्या, की बाजारच्या लिंबाला असा वास येत नाही, पुढच्या आठवड्यात आमच्यासाठी थोडी घेऊन या. तो वास पुदिन्याचा आणि गवती चहाचा होता. एवढं एक वाक्य बोलले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ग्रॅमसाहेबांची जीभ टाळूला चिकटली आणि मान मात्र आपली आपण हलली.

मग बाजारात जाणं आलं. लिंबं विकणाऱ्या बाईचा काटा त्यांनीच मागे एकदा जप्त केलेला, त्यामुळे त्यांना समोर बघून तिने आधी काटा पुसला. "अर्धा किलो द्या," ते इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले. इकडेतिकडे ते कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून बघत होते, पण लिंबूवालीला वाटलं, साहेब साध्या वेशात तपासणीला आलेत. त्यातून साहेब पिवळीधमक लिंबं बाजूला सारून डागाळलेली, वेडीवाकडी लिंबं वेचायला लागले तेव्हा तर तिची खात्रीच पटली. तिने लिंबं तोलली, एक मोठं काढून धाकटं घातलं, ते काढून मधलं घातलं, आणि काटा अर्ध्या किलोवर येऊन अगदी निश्चल उभा राहिला तेव्हाच पिशवी त्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर साहेबांनी गच्चीवरच्या झाडाची चार पानं तोडून पिशवीत वरवर पसरली. बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "सरबत मी हवं तेवढं करून देईन. पण याच्यात मला धरू नका."

ऑफिसात लिंबांचं कौतुक झालं आणि पुढच्या आठवड्याची मागणी पक्की झाली. असं मग दर आठवड्याला चाललं. लिंबूवालीचं बघून तिच्या शेजारची कांदेवाली नीट तोलायला लागली, तिचं बघून पलीकडचा बटाटेवाला. ग्रॅमसाहेबांच्या एका खोट्यापायी अख्खा बाजार खरा वागायला लागला होता, आणि ऑफिसात मोठ्या बाई सगळ्यांना सांगत होत्या, की त्या भागातून हल्ली एकही तक्रार येत नाही, हे ग्रॅमसाहेबांचं काम. स्तुती ऐकताना साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. लोकांना वाटायचं, काय विनयशील माणूस आहे.

एवढ्यावर भागलं असतं. पण मोठ्या बाईंची निवृत्ती आली.

त्या ऑफिसात एक जुनी रीत होती. बाकीची सगळी वजनं ज्यांच्यावरून ताडून बघायची ती पितळी प्रमाण वजनं एका मखमली पेटीत, ती पेटी एका कपाटात, आणि त्या कपाटाची किल्ली एकाच माणसाकडे. ती कुणाला द्यायची याचा हुकूम वरून येत नसे. ज्याच्याकडे किल्ली असेल त्याने जाताना, आपल्या मते जो सगळ्यांत सरळ माणूस, त्याच्या हातात ती द्यायची. ग्रॅमसाहेबांनी नोकरीत दुसरं काही मागितलं नव्हतं. बढतीसाठी ते कधी कुणाच्या दारात उभे राहिले नाहीत. पण ती किल्ली एक दिवस आपल्या खिशात असावी, असं मात्र त्यांना रुजू झाल्यापासून वाटत आलं होतं.

"किल्ली तुम्हालाच देणार आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि निरोप समारंभ वगैरे नको मला. तुमच्या गच्चीवर जमू सगळे. त्या झाडाखाली. ज्याने त्याने आपलं लिंबू तोडायचं आणि तुमच्या घरचं सरबत प्यायचं."

ग्रॅमसाहेबांच्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा क्षण होता तो, आणि त्यांना धरणीने पोटात घेतलं तर बरं असं झालं होतं.

रविवारी सकाळीच ते पिशवी घेऊन गच्चीवर गेले. शिवणाच्या डब्यातून काळा दोरा घेऊन चालले होते, तर बायकोने तो काढून घेतला आणि हिरव्या दोऱ्याचं रीळ हातात ठेवलं. साहेब दुपारपर्यंत झाडाला लिंबं बांधत बसले. तिथेही स्वभाव आडवा आला. एका बाजूची फांदी वाकली की त्यांना राहवेना, मग दुसऱ्या बाजूला तेवढंच लिंबू बांधायचं. शेवटी झाड असं काही समतोल दिसायला लागलं, की त्यावर शिक्का मारावा.

"अहो, अजून सांगता येईल," बायको म्हणाली. "खाली पाक तयार आहे. लिंबं बाजारची म्हणून कुणी सरबत टाकून देणार नाही."

"सरबत नाही टाकणार. मला टाकतील."

ती खाली जाऊन पाक गाळायला लागली.

संध्याकाळी मंडळी आली. झाडाकडे बघून सगळे एकदम गप्प झाले. ग्रॅमसाहेबांना वाटलं, भारावले. शिक्के मारायच्या कामावरचे शिक्केभाऊ झाडाभोवती एक फेरी मारून आले आणि नुसतं "वा" म्हणाले. कुणी लिंबाला हात घालायच्या आत साहेब पुढे झाले. काटे लागतील, मी देतो तोडून, असं म्हणत त्यांनी डाव्या मुठीत लपवलेल्या इवल्याशा कात्रीने एकेकाला लिंबू काढून दिलं. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. बायको ती लिंबं पिळून पाकात घालत होती, पेल्यांवर पुदिन्याची पानं ठेवत होती आणि नवऱ्याकडे बघायचं टाळत होती.

"माझं मी तोडते," मोठ्या बाई म्हणाल्या आणि साहेब मध्ये पडायच्या आत त्यांनी एक लिंबू धरून ओढलं. लिंबू आलं नाही. त्यांनी जरा जोराने ओढलं. अख्खी फांदी खाली आली, पण लिंबू सुटेना, कारण साहेबांची गाठ म्हणजे सरकारी गाठ. बाईंनी चष्मा सावरून देठापाशी नीट बघितलं. मग फांदी हळूच सोडून दिली.

"पिकलं नाही वाटतं अजून," त्या म्हणाल्या.

लिंबू पिवळंजर्द होतं. ग्रॅमसाहेबांना त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई ओरडल्या असत्या तरी चाललं असतं, हसल्या असत्या तरी चाललं असतं. पण त्यांनी झाकून घेतलं, आणि ते साहेबांना सोसेना. लोकांच्या काट्यातली सूतभर खोट ज्याने कधी झाकली नाही, त्याची खोट निघताना बाई झाकत होत्या.

बाई उभ्या राहून बोलायला लागल्या. सरळपणाबद्दल बोलल्या, काट्याबद्दल बोलल्या. साहेबांना एक अक्षर ऐकू आलं नाही. पर्समधून किल्ली निघाली, पुढे आली, आणि साहेबांनी हात मागे घेतला.

"बाई, थांबा. ही लिंबं बाजारची आहेत."

शिक्केभाऊंनी सरबताचा एक घोट घेतला.

"सगळीच," साहेब म्हणाले. "आज बांधली आहेत. दर आठवड्याला आणायचो तीही बाजारचीच. या झाडाला एकही लिंबू लागलेलं नाही. मला लाज वाटते बाई. मी किल्ली घेऊ शकत नाही."

"ठाऊक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या.

"काय?"

"तिसऱ्या पिशवीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. अहो, तुम्ही पिशवी कुठे आणून ठेवत होता? वजनमापांच्या ऑफिसात."

शिक्केभाऊ खाकरले. "सवय आहे हो साहेब, त्याला काय करणार. पिशवी दिसली की हात आपोआप काट्यावर ठेवतो. पहिल्यांदा अर्धा किलो भरली. बरोबर. म्हटलं, योगायोग. दुसऱ्यांदा अर्धा किलो. तिसऱ्यांदा तर मी बाईंकडून किल्ली घेतली आणि पानंबिनं बाजूला काढून प्रमाण वजनांवर तोलली. ग्रॅमभर इकडे नाही की तिकडे नाही. घरच्या झाडाला अशी लिंबं लागतात होय?"

सगळे हसले. ग्रॅमसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं, आणि एका हातात अजून कात्री होती.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?" बायकोने विचारलं.

"म्हटलं, ते स्वतः सांगतात का बघू. म्हणून तर गच्चीवर यायचा घाट घातला. किल्ली द्यायच्या आधी एक शेवटची तपासणी." बाईंनी साहेबांचा हात धरून खाली घेतला, त्यातली कात्री काढून टेबलावर ठेवली आणि तळहातावर किल्ली ठेवली. "घ्या. इतक्या दिवसांत एवढंसं खोटं ज्याला धड निभावता आलं नाही, त्याच्याइतका भरवशाचा माणूस मला ऑफिसात दुसरा दिसत नाही."

साहेबांनी किल्ली घेतली, पण मान काही वर केली नाही. रात्री जेवतानाही ती वर झाली नाही. बायकोने दोनदा वाढलं, त्यांच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी लिंबूवालीला जाऊन सांगितलं, की मी तपासणीला येत नव्हतो, गिऱ्हाईक म्हणून येत होतो. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि त्या दिवसापासून ती आणखीच जपून तोलायला लागली.

संध्याकाळी ते गच्चीवर उरलेली लिंबं सोडवायला गेले. एकेक गाठ सोडवायची आणि लिंबू टोपलीत टाकायचं. अगदी आतल्या फांदीवर पानांच्या आड त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं. त्यांनी गाठ चाचपली. गाठ नव्हती. दोरा नव्हता. गोटीएवढं, हिरवंगार, देठाला घट्ट धरून असलेलं एक लिंबू होतं.

ग्रॅमसाहेबांनी ते पुन्हा एकदा चाचपून बघितलं. मग धावत खाली आले. बायको खिडकीतला पुदिना खुडत होती.

"अगं, एक खरं लागलंय," ते म्हणाले. "देवाशपथ. झाडाचं स्वतःचं."

बायकोने मागे वळून बघितलं नाही. पुदिन्याची दोन पानं तिने खुडली, हुंगली आणि पातेल्यात टाकली.

"हं," ती म्हणाली.